दाबून ठेवलेल्या पट्ट्या

मिस्त्रींकडे गेलं की ते तुमच्याकडे बघायच्या आधी तुमच्या छत्रीकडे बघत. न विचारता ती हातातून काढून घेत, खटका दाबत, दोनदा उघडून मिटत, कानाशी नेत आणि परत देताना निकाल सांगत. “अजून दोन पावसाळे.” किंवा, “हिच्यावर विसंबू नका.” तुम्ही कोण, कशाला आलात, ही चौकशी त्यानंतर. माझी छत्री त्यांनी पहिल्याच भेटीत नापास केली होती. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, युनियनची पत्रकं लिहीत होते आणि माझ्या कुठल्याही वस्तूला कोणी नापास केलेलं मला चालत नसे.

मुलुंडला स्टेशनातून बाहेर पडून डोंगराकडे चालत गेलं की म्हशींचे गोठे लागत. त्यांच्या मागे मिस्त्रींची पत्र्याची शेड. बाहेर पाटी नव्हती. शिवणयंत्रांच्या, कुलुपांच्या, गिरण्यांच्या, छत्र्यांच्या स्प्रिंगा ते करत. परवान्याच्या बंदुका असणारे लोक आणि आसपासच्या कारखान्यांचे पहारेकरीही त्यांच्याकडेच येत, कारण मिस्त्री लष्करात आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. तिथलं काही विचारलं तर सांगत नसत. न विचारता मात्र एकदा सांगितलं, त्याकडे येतेच.

मी त्यांच्याकडे पोचले ती आमच्या सायक्लोस्टाइल यंत्रामुळे. घाटकोपरला पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर आमची खोली होती. यंत्राची स्प्रिंग तुटली आणि दुसऱ्या दिवशी गेटवर वाटायचं पत्रक अडकलं. मिस्त्रींनी स्प्रिंग बसवली, यंत्र चालतं का बघायला एक पत्रक काढलं, ते डोळ्यांपासून हातभर लांब धरून सगळं वाचलं आणि मला विचारलं, “ह्यात लिहिलंय की दहापैकी नऊ कामगार खोकतात. हे मोजलंस की ऐकलंस?”

मी म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे.

“म्हणजे ऐकलंस,” असं म्हणून त्यांनी पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्या कोणाच्या तरी कुलपाचं माप लिहून घेतलं.

मला हा माणूस मुळीच आवडला नाही. खोकला खरा होता. नऊ की आठ ह्याने काय फरक पडतो? मालकाची बाजू घेणारे लोक नेमके आकड्यांपाशी अडतात, हे मला अभ्यासवर्गात शिकवलं होतं. पण यंत्र जुनं होतं, दर महिन्याला काहीतरी मोडायचं, आणि मिस्त्री युनियनचं काम आहे म्हणून जेमतेम पोलादी पट्टीचा खर्च घेत. मग मी जात राहिले.

शेडच्या मागच्या भिंतीला दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर लाकडी चापांमध्ये पोलादी पट्ट्या दाबून ठेवलेल्या. रायफलच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे खाली अडकवतात त्या गोळ्यांच्या डबीत, असते तशी नागमोडी वळवलेली पट्टी. गोळ्या भरल्या की ती दबते, गोळी उडाली की ती पुढची गोळी वर ढकलते. मिस्त्रींच्या पट्ट्या पूर्ण दाबलेल्या होत्या, जणू मॅगझिन गच्च भरलंय. प्रत्येकीला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर दाबल्याची तारीख. प्रत्येक पट्टी वर्षातून एकदाच, तिच्या त्या तारखेला मोकळी करायची, तिची उंची मोजायची, पुन्हा दाबून टाकायची. त्या दिवसाला ते तिचा वाढदिवस म्हणत आणि त्या दिवशी चहात साखर जास्त असे.

खालच्या फळीवर तशाच पट्ट्या, पण मोकळ्या. त्यांतली एक उचलून चहा उकळेपर्यंत मिस्त्री ती अंगठ्याने दाबत आणि सोडत बसत. दाबत, सोडत. बोलता बोलताही आकडा चुकत नसे.

“सगळं जग म्हणतं, दाबून ठेवलेली स्प्रिंग थकते,” ते सांगत. “तिला आराम द्या म्हणतात. मॅगझिन रिकामं करून ठेवा म्हणतात. कर्नलपासून कुकपर्यंत सगळे म्हणतात. वरच्या फळीवर ही नऊ वर्षं दबून आहे. पहिल्या वर्षी अर्धं सूत बसली, त्यानंतर हललेली नाही. आणि खालची बघ. हिला मी मोकळी ठेवतो, आराम देतो, फक्त रोज राबवतो. ही दोन वर्षांत मेली.”

एका इंचात आठ सूत, आणि बसली म्हणजे उंचीने तेवढी कमी झाली. मी मनातल्या मनात हिशोब केला, आणि मग मला ते सापडलं. राबणारी मरते. मी वही काढली. ह्यावर काय पत्रक झालं असतं. मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं असावं.

“पोलाद आहे ते, बाय,” म्हणाले. “त्याला युनियन नसते.”

ब्रह्मदेशातलं त्यांनी सांगितलं ते अशाच एका वाढदिवशी. एका ठाण्यावर नवा अधिकारी आला. त्याने हुकूम काढला की रात्रीचा पहारा संपला की मशीनगनची सगळी मॅगझिनं रिकामी करायची, स्प्रिंगांना दिवसभर आराम. मिस्त्रींनी अर्ज केला, की साहेब, चांगल्या पट्टीला आराम लागत नाही. अर्ज फाटला. एका सकाळी, मॅगझिनं रिकामी असताना, धुक्यातून माणसं आली. एवढं सांगून मिस्त्रींनी मोजपट्टी पुसून ठेवली.

“थंडी होती,” ते म्हणाले. “बोटं आखडलेली. आखडलेल्या बोटांनी गोळ्या भरायला किती वेळ लागतो, ते मी मोजलं नाही.”

तेवढंच. आयुष्यात न मोजलेली एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याजवळ कबूल केली असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता परबांची गोष्ट. तिच्याशिवाय मिस्त्री कळणार नाहीत, आणि ती सांगताना मला माझीही लाज काढावी लागणार आहे. काढते.

डोंगराच्या पायथ्याला एक मोठा कारखाना होता, आमच्या युनियनचा. परब तिथे पहारेकरी. कणकवलीकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले, बायको आणि तीन मुली घेऊन कंपनीच्या चाळीत राहणारे. पहाऱ्यावर एक जुनी पाच गोळ्यांची रायफल होती. सुरक्षा अधिकारी म्हणजे एक निवृत्त कॅप्टन. त्याचा नियम असा, की प्रत्येक पाळी संपताना मॅगझिनमधल्या गोळ्या काढून फडक्यावर मांडायच्या, मॅगझिन रिकामं ठेवायचं, वहीत सही करायची. पुढच्या पाळीच्या माणसाने पुन्हा भरायचं. कारण तेच, स्प्रिंगला आराम.

त्या वर्षी बिबट्या खाली उतरू लागला. चाळीतली कुत्री एकेक करून गेली. पहारेकऱ्यांनी आपापसात ठरवून टाकलं, की गोळ्या काढायच्या नाहीत. पाळी बदलताना हातात रिकामी रायफल आणि समोर वाघ, असं कोणाला नको होतं. बिबट्याला तिकडे वाघच म्हणतात. चार महिने मॅगझिन भरलेलं राहिलं आणि वहीत चार महिने रोज तीन सह्या होत राहिल्या, की रिकामं केलं.

मग एका संध्याकाळी, उजेड असतानाच, बॉयलरच्या मागच्या गवतात बिबट्याने गवत कापणाऱ्या माणसाला धरलं. परब धावले. दोन गोळ्या झाडल्या, दोन्ही चुकल्या. तिसऱ्यांदा बोल्ट मागे घेऊन पुढे लोटला तर तो रिकामाच सरकला. मॅगझिनमध्ये गोळ्या होत्या, पण पट्टीत त्या वर ढकलायला जीव नव्हता. परबांनी मॅगझिनवर चापट्या मारल्या, रायफल झटकली, मग ती नळीकडून धरली आणि दस्त्याने बिबट्याच्या पाठीत घालत सुटले. बिबट्या गेला. त्या माणसाचा उजवा हात कोपरापासून खांद्यापर्यंत फाटला होता.

कंपनीने परबांना निलंबित केलं. कसूर ही की हुकूम मोडून मॅगझिन भरलेलं ठेवलं, त्यामुळे स्प्रिंग निकामी झाली. चौकशीत दोषी ठरले तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर खोली जाणार.

मी त्याच रात्री स्टेन्सिल कापलं. मला आजही तो मजकूर पाठ आहे. “पहारेकऱ्याच्या हाती मेलेलं हत्यार. महिनोन् महिने भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग थकली, ती बदलायला कंपनीजवळ वेळ नव्हता.” जोरदार होतं. सकाळी गेटवर वाटलं. हजारभर प्रती गेल्या असतील.

चौकशीच्या पहिल्या बैठकीला मॅनेजरांच्या खोलीत मी युनियनतर्फे बसले होते. कॅप्टनने खिशातून माझं पत्रक काढलं आणि शांतपणे मोठ्याने वाचलं. मग परबांना विचारलं, की महिनोन् महिने मॅगझिन भरलेलं ठेवल्याने स्प्रिंग थकली, हे तुमच्या युनियनलाही मान्य आहे. तर ते भरलेलं कोणी ठेवलं? परब खोटं बोलणारे नव्हते. सह्या केल्या होत्या तेवढंच त्यांचं खोटं. ते म्हणाले, मी ठेवलं.

मॅनेजरांनी पेन उचललं. मी काहीतरी नियमाचं बोलून पुढची तारीख मागितली. आठ दिवसांनंतरची मिळाली.

बाहेर जिन्यात परब माझ्याशी बोलले ते ओरडून नव्हे. “बाईनू, तुमच्या कागदान माझी वाट लावल्यान. मी गोळयो काढूक नाय, ह्या खरा. पण पट्टी त्यामुळे मेली, ह्या तुमका कोणी सांगल्यान?”

कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. सगळ्यांना माहीत होतं. मी वर्षभर त्या वरच्या फळीखाली बसून चहा प्यायले होते, पट्ट्यांच्या वाढदिवसाची जास्तीची साखर खाल्ली होती, आणि लिहायची वेळ आली तेव्हा जे सगळं जग म्हणतं तेच लिहून मोकळी झाले होते. माणसाचं घर त्यावर टांगलं होतं.

मी तिथून थेट शेडवर गेले. मिस्त्रींनी पत्रक मागितलं. हातभर लांब धरून वाचलं. मला वाटलं होतं ते मला फाडून खातील. त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘एक मजूर जबर जखमी.’

“ह्याचं नाव काय?”

मला माहीत नव्हतं. तो ठेकेदाराचा माणूस होता, आमच्या युनियनचा सभासद नव्हता.

“हात त्याचा गेला आणि कागद परबांचा,” ते म्हणाले आणि पत्रक घडी करून मला परत दिलं. त्याच्या कोऱ्या बाजूवर काहीही लिहिलं नाही.

मी विनवण्या केल्या. तुम्ही येऊन एवढंच सांगा, की भरून ठेवल्याने पट्टी मरत नाही. नऊ वर्षांच्या पट्ट्या आहेत तुमच्याकडे. मिस्त्री म्हणाले, येईन. पण ती पट्टी हातात घेतल्याशिवाय तिच्याबद्दल बोलणार नाही. मी म्हटलं, तिच्याबद्दल बोलूच नका, नुसतं सर्वसाधारण सांगा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी छत्री उचलून निघाले.

ते आठ दिवस वाईट गेले. चाळीतल्या बायकांनी परबांच्या बायकोशी बोलणं कमी केलं, कारण उद्या ती खोली कोणाला मिळणार ह्याची कुजबुज सुरू झाली होती. एक कुटुंब तर खोली बघूनही गेलं. परबांच्या बायकोने त्यांना पाणी दिलं. हे मला परबांनी सांगितलं.

दुसऱ्या बैठकीला मिस्त्री लष्करी कोट घालून आले. बरोबर लाकडी खोका. खोक्यात वरच्या फळीवरच्या चार पट्ट्या चापांसकट, खालच्या फळीवरच्या चार, चिठ्ठ्या आणि पोलादी मोजपट्टी. मॅनेजरांच्या टेबलावरचे कागद त्यांनी स्वतः बाजूला सारले. मॅनेजर गंमत बघावी तसे बघत होते. मिस्त्रींनी मॅनेजरांनाच चाप सोडायला लावला, मोजायला लावलं, चिठ्ठीवरचा आकडा वाचायला लावला. एक झाली, दुसरी झाली, तिसऱ्या पट्टीला गंमत संपली होती. नऊ वर्षं दाबलेली, सात वर्षं दाबलेली, पाच वर्षं दाबलेली. अर्धं सूत, अर्धं सूत, त्याहून कमी. मग राबवलेल्या चार. दोन सूत. अडीच सूत. एक तर मोजण्याआधीच आडवी झालेली.

“तुमच्या हुकुमाने,” मिस्त्री कॅप्टनना म्हणाले, “ह्यांची पट्टी दिवसातून तीनदा दबते आणि तीनदा सुटते. आराम तिला तुम्ही दिला नाहीत, काम दिलंत.”

कॅप्टनचा चेहरा उतरला. मॅनेजर खुर्चीत मागे टेकले. मला कळलं की आपण जिंकलो. माझ्या डोक्यात पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला: ‘कॅप्टनच्या हुकुमाचा बळी.’ परब भिंतीशी उभे होते, त्यांनी पहिल्यांदा श्वास सोडला.

तेवढ्यात मिस्त्रींनी हात पुढे केला. ती पट्टी द्या म्हणाले.

मी हळूच म्हटलं, मिस्त्री, राहू द्या, झालं आपलं. त्यांनी ऐकलं नाही. कॅप्टनने पुराव्याच्या पाकिटातून मॅगझिन काढून दिलं. मिस्त्रींनी दोन अंगठ्यांनी आतला ठोकळा बाहेर काढला, पट्टी ओढून घेतली, मोजपट्टीवर उभी केली. तीन सूत बसलेली. मग तिच्या टोकावरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. टोकाला कानसीचे दोन बारीक घाव होते. ते मला नंतर दिसले. त्यांनी ते बोटाने वाचले.

ते उठून खिडकीशी गेले. समोर डोंगर, भरपूर उजेड. पट्टी उजेडात धरून बराच वेळ उभे राहिले. मग मला जवळ बोलावलं.

“ह्या वळणाच्या आत बघ. रंग कोणता?”

आता थोडं समजून घ्यायला हवं. पोलादाच्या पट्टीला आधी लाल करून तेलात बुडवतात, तशी ती काचेसारखी ठिसूळ होते. मग तिला वाळूच्या तव्यावर हळूहळू ताव देतात. ती आधी गवती पिवळी होते, मग जांभळी, मग मोरपंखी निळी. त्या निळ्यावर उचलून पाण्यात टाकली तर ती स्प्रिंग. एक क्षण उशीर झाला तर निळा जाऊन राखाडी येतो, पट्टी मऊ पडते. ताबडतोब कळत नाही. अंगठ्याखाली चांगली वाटते. पुढे हळूहळू बसत जाते. हे सगळं नजरेचं काम. मिस्त्री ते गेली कित्येक वर्षं नजरेनेच करत आले होते.

मी पाहिलं. राखाडी होती. ती इतकी स्वच्छ राखाडी होती, की दुसरं काही म्हणायला जागा नव्हती. माझ्या मागे परब उभे होते, समोर कॅप्टन, आणि मला कळत होतं की मी काय म्हणते त्यावर काहीतरी ठरणार आहे, पण काय ते कळत नव्हतं.

“राखाडी,” मी म्हटलं.

“मला निळी दिसते,” मिस्त्री म्हणाले. मग ते वळले आणि पलटणीत अहवाल देतात तसे, हात बाजूला घेऊन उभे राहिले. “साहेब, ही पट्टी मी केलेली आहे, टोकाला माझी खूण आहे. दोन वर्षांपूर्वी तुमच्या स्टोअरने मागवली. ताव जास्त गेलाय. माझी नजर गेली आहे आणि मी ते कोणाला सांगितलेलं नाही.”

कॅप्टन सावरला. म्हणाला, मग मॅगझिन रिकामं ठेवलं असतं तर ही वाचली असती. मिस्त्री म्हणाले, दोन महिने जास्त चालली असती, मग मेली असती. चांगली पट्टी असती तर चार महिने काय, चौदा वर्षं भरून ठेवा. कसूर परबांची नाही. हुकूम तुमचा चुकीचाच आहे, पण ह्या पट्टीला त्याने मारलेलं नाही.

खोलीतला एकही माणूस खूश झाला नाही. परब सोडून. आणि तेही लगेच नाही.

परबांना परत कामावर घेतलं, खोट्या सह्यांबद्दल ताकीद देऊन. खोली राहिली. मिस्त्रींना कंपनीचं एका ओळीचं पत्र आलं, की यापुढे काम मिळणार नाही. बातमी फिरली आणि बाकीच्यांनीही हात काढून घेतला. बंदुकांचं काम तर संपलंच, कुलुपांचंही संपत आलं. उरलं ते कोणाकोणाचं छत्रीचं.

मी त्यांच्याशी भांडले. रस्त्यात उभी राहून भांडले, गोठ्यांसमोर. मी म्हटलं, तुम्ही कॅप्टनला सोडवलंत. जिंकलेली लढाई तुम्ही त्याच्या हातात नेऊन दिलीत. कारखान्याने हत्याराची पट्टी डेपोतून न आणता गोठ्यामागून स्वस्तात आणली, ह्याबद्दल आता कोणी एक शब्द बोलणार नाही. तो राग अजूनही माझा गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटत नाही. ते मुद्दे खरे होते. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या माणसाचं नाव काढलंस का?”

काढलं होतं. लहानू. डोंगराच्या कडेला पाड्यावर राहणारा. ठेकेदाराने हात वर केले होते, कंपनी म्हणत होती आमचा माणूस नाही. त्याच्यासाठी मी नंतर दोन पत्रकं काढली, नावासकट. त्या पत्रकांनी काहीही झालं नाही. तेही लिहून ठेवते.

आधी मिस्त्री आपल्या पट्ट्या परत गोळा करायला निघाले. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांना ज्यांना बंदुकीची स्प्रिंग दिली, त्यांची नावं त्यांना पाठ होती. रंग बघायला मी बरोबर. घाटकोपरला एक डॉक्टर, अंधेरीला एक बंगलेवाला, सांताक्रूझला एका पेढीचा पहारेकरी. दार उघडलं की मिस्त्री सांगत, मी दिलेली पट्टी खराब असू शकते, परत द्या. बंगलेवाल्याने कुत्रा आवरला नाही. डॉक्टरांनी उलट चहा दिला. पट्टी निळी निघाली तरी मिस्त्री ती परत देत नसत. मी म्हणे, ही चांगली आहे. ते म्हणत, चांगली आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणजे ती नशिबाने चांगली आहे.

मग ते पाड्यावर गेले. एकटे. तीनदा गेले. पहिल्या खेपेला लहानूच्या बायकोने दार लावून घेतलं. दुसऱ्या खेपेला लहानू बाहेर आला, ऐकून घेतलं, आत गेला. तिसऱ्या खेपेला काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मिस्त्रींनी सांगितलं नाही आणि लहानू माझ्याशी कधी फारसं बोलला नाही. मी एवढंच पाहिलं, की एका सकाळी शेडमध्ये वाळूच्या तव्याजवळ लहानू बसला होता. उजवा हात मांडीवर, वाळलेल्या फांदीसारखा. डोळे तव्यावर.

काम इतकंच होतं. पट्टी निळी झाली की म्हणायचं, “आता.” मिस्त्री चिमट्याने उचलून पाण्यात टाकत.

मला ते पाहून भरून आलं होतं. एका क्षणात मी त्याचंही पत्रक केलं असतं: दोन कष्टकऱ्यांची एकजूट. मी खोक्यावर बसले. तव्यावरची पट्टी पिवळी झाली, जांभळी झाली, निळी झाली. लहानू गप्प. मला दिसत होतं, त्याला दिसत असणारच. मी तोंड उघडलं, तर मिस्त्रींनी मान न वळवता डावा हात वर करून मला थांबवलं. चिमटा तव्यावर धरून ते तसेच वाकून उभे होते, कपाळावरून घाम वाळूत पडत होता. निळा सरला. राखाडी पसरली.

“गेली,” लहानू म्हणाला.

मिस्त्रींनी पट्टी उचलली, भंगारात टाकली आणि नवी ठेवली. तिच्या वेळी लहानूने वेळेवर सांगितलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, तो मुद्दाम करतो. मिस्त्री म्हणाले, माहीत आहे. मी म्हटलं, मग एखाद दिवशी राखाडीला ‘आता’ म्हणेल, तुम्हाला कळणारही नाही. त्यावर मात्र ते चिडले. तसं तो कधीच म्हणणार नाही, म्हणाले. वाईट पट्टीपायी हात त्याचाच गेलाय.

मी त्यानंतर अधूनमधून जात राहिले, अजूनही जाते आणि बघते. राखाडी पट्टीला लहानूने एकदाही ‘आता’ म्हटलं नाही. शेडमधून वाईट पट्टी पुन्हा बाहेर गेली नाही, आणि हळूहळू कुलुपांचं काम परत आलं. पहिल्या महिन्यात तो दिवसाला पाच-सहा पट्ट्या जळू द्यायचा. पावसाळ्यापर्यंत दोन-तीनवर आलं. आता, मी हे लिहिते आहे तेव्हा, दिवसाला एक.

ती एक अजून जाते.